राखेखालच्या पाण्याचे आकडे आम्हाला दाखवा

प्रति,
माननीय महापौर आणि माननीय आयुक्त, इंदूर नगर निगम
माननीय अध्यक्ष, मध्यप्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ

सविनय नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत पोचती केली आहे. मराठीत ते उघडपणे लिहिते आहे ते आमच्या माणसांसाठी. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग इथल्या घरांतून रोज सकाळी कचरा वेगवेगळा करून गाडीत टाकला जातो आणि गाडी वळणाआड गेली की कचऱ्याचा विषय त्या दिवसापुरता संपतो. तो तिथे संपू नये एवढ्यासाठी ही मराठी प्रत.

मी एकतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, त्यात कचरा, राख आणि झिरपणारे पाणी यांवरचे नियम वाचले. त्या वाचनातून आणि माझ्या आत्याच्या विहिरीतून जे समजले ते इथे मांडते.

आधी चांगले झाले ते. नेमावर रस्त्यावरचे देवगुराडियाचे ट्रेंचिंग ग्राउंड पूर्वी काय होते हे इंदूरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महाशिवरात्रीला महादेवाच्या दर्शनाला निघालेली बस त्या बाजूला आली की बायकांचे पदर नाकाला लागत. तिथला काही लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून नगर निगमने ती जमीन मोकळी केली. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथेच सुरू झाला. ओला कचरा ढिगात सडत पडला नाही की त्यातून झिरपणारे काळे पाणी, ज्याला फाइलींमध्ये लिचेट म्हणतात, मुळातच कमी तयार होते. २०१७ पासून शहराच्या नावामागे लागलेल्या स्वच्छतेतल्या पहिल्या क्रमांकापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. ज्या सफाई मित्रांच्या हातांनी ते झाले त्यांना माझा मनापासून नमस्कार.

पण ढीग उचलला तरी त्याखालची जमीन तिथेच असते. आणि शेजारच्या पीथमपूरला आता भोपाळच्या विषारी कचऱ्याची राख आहे. या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला जाणवत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी ओरडत नाही. मला त्यांच्याबद्दलच बोलायचे आहे.

राखेला आमच्या घरांत कधी वाईट मानले नाही. आई चुलीतली राख चाळून डब्यात भरून ठेवायची. पितळेची भांडी तिनेच घासायची, कीड लागू नये म्हणून तीच कडधान्याला चोळायची. देवळातून आलेला अंगारा परीक्षेच्या दिवशी कपाळाला लागायचा. एखाद्या वस्तूची राख झाली म्हटले की ती संपली, असे आमच्या मनात पक्के बसलेले आहे. लाकडाच्या आणि गोवऱ्यांच्या राखेपुरते ते खरेही आहे. शहराच्या किंवा कारखान्याच्या कचऱ्याच्या राखेला मात्र हा विश्वास लावता येत नाही. आग कार्बन खाते, हायड्रोजन खाते. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम ती खाऊ शकत नाही. ट्यूबलाइटमधून, जुन्या बॅटरीतून, रंगाच्या पापुद्र्यातून जेवढा धातू भट्टीत गेला तेवढा कुठल्या ना कुठल्या वाटेने बाहेर येतोच. काही तळाच्या राखेत राहतो, काही धुराबरोबर वर जातो. धूर गाळायला कापडी पिशव्यांची गाळणी असते, तिच्यात जी बारीक पूड अडकते ती उडती राख. शहरी कचरा जाळला तर वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी तळराख उरते. उडती राख त्यामानाने थोडी, शंभराला तीन ते पाच, पण शिसे, कॅडमियम आणि डायॉक्सिन नावाची जळताना तयार होणारी विषारी संयुगे एकवटतात ती तिच्यात. गाळणी जितकी चांगली तितका धूर स्वच्छ आणि तितकी ही पूड जास्त विषारी. म्हणजे चिमणीतून काही दिसत नाही याचा आनंद मानताना, जे चिमणीतून गेले नाही ते कोणत्या पोत्यात भरले, हे विचारावेच लागते.

हा प्रश्न आमच्या राज्यात नवा नाही. जबलपूरला कठौंदा इथे २०१६ पासून कचऱ्यावर वीज करणारा प्रकल्प आहे, क्षमता रोज ६०० टनांची. तो पूर्ण क्षमतेने चालला तर वरच्या हिशेबाने रोज १२० ते १५० टन राख निघेल. इंदूरमध्ये असा प्रस्ताव कधी आला तर कृपा करून राखेचे पान सगळ्यात वर ठेवा. किती मेगावॅट वीज हे नंतर पाहू.

आता पीथमपूर. १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जे घडले ते मी इथे सांगायला नको. तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरला पोचला. त्यात १६२ टन दूषित माती, ९२ टन कीटकनाशकाचे आणि नॅप्थॉल या रसायनाचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि २९ टन रिअॅक्टरमधले अवशेष होते. गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात होते, सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आले. आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, मग उरलेले ३०७ टन जाळले आणि २०२५ चा जून सरताना भट्टीचे काम संपले. वर्तमानपत्रांनी चाळीस वर्षांचे ओझे उतरले असे लिहिले.

३३७ टन आत गेले, आणि राख व इतर अवशेष मिळून बाहेर आले आठशे टनांहून जास्त. वर्गात फळ्यावर मी हा आकडा लिहिला असता तर मुलांनी आधी माझीच चूक काढली असती. जळून वजन वाढते कसे? चुन्यामुळे. क्लोरीन आणि गंधक असलेला माल जाळला की आम्लाचे वायू निघतात. त्यांना मारायला चुना फवारावा लागतो. तो वायू शोषून क्षार बनतो आणि राखेत जमा होतो. यात लपवाछपवी काही नाही, प्रक्रियाच तशी आहे. पण याचा अर्थ असा की भोपाळहून जेवढे वजन आले त्याच्या दुपटीहून जास्त वजन आता सांभाळायचे आहे, आणि त्यात पाण्यात सहज विरघळणारे क्षारही आहेत.

ही राख वस्तीपासून किती अंतरावर, कोणत्या जागी पुरायची, हा प्रश्न न्यायालयापुढे गेला. तिथे जे ठरेल ते ठरेल. मला चिंता आहे ती पुरल्यानंतरच्या तीस वर्षांची. धोकादायक कचऱ्याचा खड्डा बंद केल्यावर किमान तीस वर्षे त्यावर लक्ष ठेवायचे असते. तीस वर्षांत आयुक्त किती बदलतील, फाइल कोणत्या कपाटातून कोणत्या कपाटात जाईल?

भोपाळनेच हे आधी शिकवलेले आहे. कारखान्याच्या बाहेर १९७७ मध्ये सांडपाणी उन्हाने आटवण्यासाठी तळी बांधली. तळाला प्लास्टिकचे अस्तर होते, म्हणजे त्या काळातली खबरदारी घेतलेली होती. १९८२ मध्ये ती तळी गळत असल्याचे कंपनीच्या आपसातल्या पत्रव्यवहारात आले होते. वायूची दुर्घटना त्यानंतर दोन वर्षांनी झाली. वायू एका रात्रीत आला आणि जगाने पाहिला. जमिनीतले विष मात्र गुपचूप पसरत राहिले, आणि २००४ मध्ये आसपासच्या वस्त्यांना पिण्याचे स्वच्छ पाणी द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. अस्तर घातले होते. गळतीही माहीत होती. फक्त ज्यांच्या हातपंपाचे पाणी बिघडत होते त्यांना कोणी सांगितले नाही.

आता आत्याची विहीर. माळव्यातल्याच एका लहान शहराच्या कडेला आत्याचे घर आणि चार बिघे शेत आहे. शहराचे नाव लिहीत नाही, कारण तिथे आता भाऊ आणि वहिनी राहतात आणि जमिनीच्या भावाचा प्रश्न त्यांचा आहे. शेताच्या वरच्या अंगाला, नाल्यापलीकडे, गावाचा कचरा पडू लागला. पहिली पाच-सहा वर्षे काही झाले नाही. मग आत्या म्हणू लागली की चहाची पूड खराब मिळते. दूध घालायच्या आधीच चहा शाईसारखा काळा पडायचा. तिने दुकान बदलले, पूड बदलली. तुरीची डाळ शिजेना तेव्हा तिने डाळीला दोष दिला. सकाळी भरलेली घागर स्वच्छ दिसायची आणि संध्याकाळी तिच्या तोंडाशी विटकरी रंगाचा साका जमायचा, तेव्हा ती कल्हईवाल्यावर चिडली. पाण्यावर तिचा संशय गेलाच नाही. ते पाणी तिने लग्न होऊन आल्यापासून प्यायलेले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्या पाण्याची बाटली शाळेत आणली. प्रयोगशाळेत क्लोराइड मोजायची जुनी सोपी पद्धत असते. पाण्यात पिवळ्या क्रोमेटचे थेंब टाकायचे आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचे. क्लोराइड संपले की पिवळ्याचा विटकरी होतो. नळाच्या पाण्याला थोड्याच मिलिलिटरमध्ये रंग बदलला. आत्याच्या पाण्यात दह्यासारखे पांढरे गोळे पडत राहिले, ब्युरेट संपत आले, रंग पिवळाच. दहावीच्या मुली भोवती उभ्या होत्या. एकीने विचारले, मॅडम, हे कोणाच्या घरचे पाणी आहे? मला उत्तर देता आले नाही.

जे घडले होते ते नंतर नीट कळले. हवा न मिळता कचरा सडला की जमिनीतले लोखंड विरघळून पाण्यात उतरते. ते पाणी वर काढताना नितळ दिसते. हवा लागली की गंजते, तोच तो विटकरी साका. चहातल्या टॅनिनशी तेच लोखंड जुळते आणि चहा काळा होतो. डाळ न शिजणे हे जडपणाचे लक्षण. आणि क्लोराइड हे लिचेटचे सर्वांत पुढे धावणारे दूत आहे. त्याला माती धरून ठेवत नाही, सूक्ष्म जीव खात नाहीत, ते पाण्याच्या वेगाने जाते. शिसे, कॅडमियम मातीला चिकटत चिकटत मागून येतात. म्हणून विहिरीतले क्लोराइड वाढू लागले तर ती आगाऊ सूचना असते, आणि ती मोजायला शाळेची प्रयोगशाळा पुरते. आत्याच्या बाबतीत कोणी वर्षातून दोनदा एवढे मोजले असते तर काळ्या चहाची वाट पाहावी लागली नसती.

राख आणि सडका कचरा एका खड्ड्यात जाऊ नयेत असे मी कळकळीने म्हणते त्याचे कारणही रसायनातच आहे. ताज्या ढिगातले पाणी आंबट असते, त्यात व्हिनेगरमधलेच आम्ल असते. आम्लात धातू सुटे होतात. राख धोकादायक आहे की नाही हे ठरवण्याची टीसीएलपी चाचणीसुद्धा याच कल्पनेवर आहे. राख त्याच आम्लाच्या पातळ द्रावणात अठरा तास घुसळतात आणि किती शिसे सुटले ते पाहतात. दुसऱ्या बाजूला, चुना जास्त झाला तरी शिसे सुटते, कारण ते अति आम्लातही विरघळते आणि अति अल्कलीतही. आणि राखेतले कॅल्शियम कचऱ्याच्या पाण्यात मिसळले की लिचेट वाहून नेणाऱ्या नळ्यांत चुनखडी धरते, जशी गिझरच्या कॉइलवर धरते. नळ्या तुंबल्या की पाणी अस्तरावर साचते, आणि साचलेले पाणी वाट शोधते. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलेच होते की राखेतले विषारी धातू मर्यादेबाहेर असतील तर ती धोकादायक कचऱ्याच्या जागीच जावी. पण त्यासाठी प्रत्येक खेपेची चाचणी व्हायला हवी आणि निकाल कोणाला तरी दिसायला हवा.

अस्तराबद्दलही त्या नियमांत स्पष्ट लिहिलेले होते. ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळीही तळापासून किमान दोन मीटर खाली. दीड मिलिमीटर म्हणजे साधारण एका रुपयाच्या नाण्याची जाडी. ते चांगले काम करते, मी त्याला नावे ठेवत नाही. पण आमची माती काळी आहे. मे महिन्यात शेतात उभे राहा, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. अस्तराची माती अंथरल्यावर काही आठवडे उघडी राहिली तर तीही तशीच उलते. मातीखाली बेसॉल्ट, आणि त्यात पाणी एकसारखे पसरत नाही, फटींमधून धावते. पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींत एकीचे पाणी गोड आणि दुसरीचे खारट असू शकते. खड्ड्याभोवती चार कोपऱ्यांत चार बोअर घेऊन चारही ठीक आहेत असा निष्कर्ष काढणे माळव्यात चालणार नाही. बोअर कुठे घ्यायचे हे खडकाच्या फटी बघून ठरले पाहिजे, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या चालू विहिरीही त्यात धरल्या पाहिजेत.

पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, आमचा काय संबंध, असे आमच्याच कॉलनीत मी ऐकले आहे. यशवंत सागर हा तलाव गंभीर नदीवर आहे. होळकरांच्या काळात, १९३९ मध्ये तो बांधला, आजही शहराच्या पाण्याचा काही भाग तिथून येतो, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पीथमपूरकडचे दूषित पाणी गंभीरमार्गे तिथवर पोचेल ही भीती कचरा जाळण्याआधीच बोलून दाखवली गेली होती, इंदूरच्या डॉक्टर मंडळींनी न्यायालयाचे दारही ठोठावले होते. आज तिथे काही झाले आहे असे माझे म्हणणे नाही. झाले तर आम्हाला कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावरून कळेल, हे मला विचारायचे आहे.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच. देवगुराडियाच्या जुन्या जमिनीभोवतीच्या आणि पीथमपूरच्या राखेच्या जागेभोवतीच्या विहिरी-बोअरांचे आकडे लोकांसमोर ठेवा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. क्लोराइड, विद्युतवाहकता, अमोनिया आणि लोखंड नेहमी, शिसे, पारा आणि कॅडमियम वर्षातून निदान एकदा. शेजारी मागच्या वर्षीचा आकडा आणि मर्यादा. इंग्रजीतल्या दोनशे पानी अहवालात नको, झोन कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. पीथमपूरच्या भट्टीजवळच्या तारपुरा गावातल्या बाईला आपल्या विहिरीचा क्रमांक शोधून त्यापुढचा आकडा वाचता आला पाहिजे. सर्वांत स्वच्छ शहर ठरवायला परीक्षक येतात तेव्हा आपण त्यांना बगीचा दाखवता, हा फलकही दाखवा.

देवगुराडियाची जागा आता हिरवी आहे म्हणून तिथले मोजमाप थांबवू नका. ढीग उचलला की वरून येणारी भर थांबते, पण खडकात आधीच उतरलेले क्षार वर्षानुवर्षे सरकत राहतात. आकडे उतरत असतील तर ती आपल्या कामाची सर्वांत भक्कम पावती ठरेल, आणि ती फलकावर लावताना मला तुमच्याइतकाच आनंद होईल.

लिचेट शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल एक विनंती. आरओ लावले की एका बाजूने स्वच्छ पाणी निघते आणि दुसऱ्या बाजूने सगळे क्षार घेऊन घट्ट पाणी. ते परत ढिगावर शिंपडले तर तेच क्षार फिरून खाली येतात, फक्त दरवेळी अधिक दाट होऊन. त्या घट्ट पाण्याचे काय केले याची नोंद स्वच्छ पाण्याच्या नोंदीशेजारीच असावी. आणि कुठलीही राख रस्त्याच्या भरावात किंवा विटांत वापरायची असेल तर आधी झिरप-चाचणीचा निकाल जाहीर करा.

हे सगळे करायला माणसे नाहीत असे उत्तर येऊ शकते. मग आमची घ्या. या शहरात निवृत्त विज्ञान शिक्षक शेकड्याने आहेत आणि बऱ्याच शाळांत ब्युरेट धूळ खात पडले आहेत. क्लोराइड आणि लोखंड आम्ही मोजू शकतो, मुलींना शिकवू शकतो, आणि आमचा आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहू शकतो. आमचा चुकला तर सांगा, आम्ही पुन्हा मोजू. धातूंसाठी मोठी यंत्रे लागतात, ती मंडळाकडे असतात.

एक गोष्ट घाईची आहे. एक हेक्टर उघड्या जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी दहा हजार लिटर पाणी होते, आणि पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर विहिरींतले पाणी मिसळून जाते. कोरड्या जमिनीवरचा आकडा हातात नसेल तर पुढे काय वाढले आणि काय घटले हे कोणालाच सांगता येणार नाही. मृग लागायला फार दिवस नाहीत. पहिले नमुने त्याच्या आधी घ्या आणि घ्यायच्या दिवशी गावातल्या दोन माणसांना बरोबर उभे करा. मला बोलावलेत तर बाटल्या मी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
राजेंद्र नगर, इंदूर